टेपचं दुसरं टोक

देवाने हे जग घडवण्याआधी आमच्या मालककाकांना एकदा बोलावून घेतलं असतं, तर डोंगर दोन बोटं इकडे आणि नदी हातभर तिकडे सरकली असती आणि सगळं कसं नीट बसलं असतं, याबद्दल मला तरी शंका नाही. काका आयुष्यभर सरकारी खात्यात नकाशे काढत होते. निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना शाल-श्रीफळ दिलं, पण हातातली टेप काही त्यांच्याकडून काढून घेता आली नाही. इंदूरबाहेर, राऊ गावाच्या अलीकडे त्यांचं घर आहे. घराच्या डाव्या अंगाला, आवारातच, एक पत्र्याची खोली आहे. बारा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून त्या खोलीत मी आणि माझं शिलाई मशीन राहतो. काकांची टेप लोखंडी आणि चांगली लांब. तिला एक खोड आहे, दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. काकूंनी लग्नानंतरच सांगून टाकलं होतं, "मी संसार करायला आलेय, टोक धरायला नाही." त्यामुळे टोक माझ्याकडे आलं. मला बोलायला आवडत नाही, त्यांना ऐकायला आवडत नाही. टेप धरायला याहून चांगली जोडी इंदूरात मिळायची नाही.

काका काहीही एकदम विकत घेत नाहीत. आधी त्याच्या जागेचं माप घेतात. नवा सोफा यायचा होता तेव्हा त्यांनी सोफ्याच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद जोडून बैठकीत जमिनीवर चिकटवले आणि महिनाभर आम्हाला त्या कागदाला वळसा घालून चालायला लावलं. एकदा काकूंचे भाऊ आले आणि सरळ कागदावरून चालत गेले. काका ओरडले, "अहो, सोफ्यावर चप्पल घालून काय चढता!" बिचारे घाबरून खाली उतरले, म्हणजे बाजूला झाले. महिन्याने काकांनी ठरवलं की सोफा नकोच, आणि त्या कागदावरच दोन गाद्या आल्या. इंदूरच्या लालबागच्या मेळ्यात काकूंना आकाशपाळण्यात बसायचं होतं. काकांनी आधी पाळण्याच्या दोन खुर्च्यांमधलं अंतर मोजायला घेतलं, आणि माप पुरं होईपर्यंत पाळण्याच्या चार फेऱ्या होऊन गेल्या. पण त्यांना हसणाऱ्यांनी कोपऱ्यावरच्या घरातलं लग्न आठवावं. वरात येण्याआधी काका टेप घेऊन घोडीजवळ गेले आणि घोडीवाल्याला म्हणाले, "हिची उंची सांगा. बसलेल्या नवऱ्याची सांगा. साफ्याची आणि वरच्या कलगीची वेगळी सांगा." लोक पोट धरून हसले. काकांनी बेरीज केली आणि मांडवाची कमान फूटभर वर चढवून घेतली. नवरदेव आत आला तेव्हा कलगी आणि कमान यांच्यात चार बोटं उरली होती. त्या दिवसापासून कॉलनीत त्यांना नपतीवाले, म्हणजे मापवाले, बाबूजी म्हणतात, आणि कुणाच्याही घरी कपाट यायचं असलं की आधी त्यांना हाक जाते.

मग काकूंचे गुडघे गेले. जिना चढवेना, रेल्वेत चढता येईना, आणि काकूंचं फिरणं दारातल्या रिक्षापर्यंत आलं. काकूंनी अजून समुद्र पाहिलेला नव्हता. एकदा ब्लाउजचं माप देताना त्या सहज बोलून गेल्या, "आता काय, टीव्हीतच पाहायचा." काका दुसऱ्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं असेल असं वाटलं नाही, पण आठ दिवसांनी ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "तुझे पाय घराबाहेर जात नाहीत ना? मग घरच बाहेर नेऊ." आणि त्यांनी चालत्या घराचा नकाशा उलगडला. पलंग, ओटा, संडास, सगळं एका गाडीत. गाडीची चाकं, इंजिन आणि सांगाडा घ्यायचा, आणि वरचं घर एका वर्कशॉपमधून आपल्या नकाशाप्रमाणे बांधून घ्यायचं. काकू म्हणाल्या, "तुमचं तर काही सांगूच नका." पण नकाशा त्यांनी उशाखाली ठेवला, हे मला माहीत आहे.

दुसरा कुणी असता तर आधी गाडी बांधायला टाकली असती. काकांनी आधी गॅरेज हाती घेतलं. "गाडी उन्हात उभी राहिली तर आत पोहे आपोआप भाजून निघतील," ते म्हणाले. जागा एकच होती, घर आणि माझी खोली यांच्या मधली. गाडी बावीस फूट लांब, साडेसात फूट रुंद. उंचीत त्यांनी छतावरचा पंखा धरला, शिडी धरली, टायरातली हवा धरली. रिकामी गाडी भरल्या गाडीपेक्षा दोन बोटं उंच उभी राहते, हे मला तेव्हा कळलं. मग एका सकाळी त्यांनी चुन्याची फक्की आणली आणि अख्खी गाडी जमिनीवर आखली. इथे पलंग, इथे ओटा, डाव्या बाजूला दार, आणि अगदी मागे, मोठ्या काचेच्या खिडकीशी, त्यांचं स्वतःचं टेबल. तिथे बसून मागे पळणारा रस्ता पाहायचा आणि चित्रं काढायची, नकाशे नव्हेत, चित्रं, असं ते म्हणायचे. काकू खुर्ची घेऊन चुन्याच्या ओट्याशी बसून मेथी निवडायला लागल्या. मी काही विचारायला गेले आणि पलंगावरून चालले, तर म्हणाल्या, "दारातून ये गं, घर आहे ते."

कॉलनीच्या गल्लीतून गाडी वळेल का, हे चुन्याने कळणार नव्हतं. त्यासाठी काकांनी मांडववाल्याकडून गाडीच्या मापाचा बांबूंचा सांगाडा बांधून घेतला. आठ जणांनी तो उचलायचा आणि गल्लीच्या तोंडापासून चालवत आणायचा. गाडीत खरं माणूस हवं म्हणून काकू आतून हळूहळू चालणार. माझ्या हातात अर्थातच टेप. समोरचे दूधवाले भिया पुढचा उजवा बांबू खांद्यावर घेऊन ओरडले, "बाबूजी, गाडी तो आने दो पहले! अभी से धक्का लगवा रहे हो!" काका म्हणाले, "गाडी आल्यावर वळली नाही तर ती काय तुमच्या डेअरीत ठेवू?" पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "हॉर्न दो भिया, हॉर्न!" आणि काकूंनी आतून खरंच "पोंऽऽ" केलं. वाटेत बसलेली गाय उठली, सांगाड्याकडे पाहून पुन्हा बसली. विजेच्या खांबाशी गाडी दोनदा अडकली. तिसऱ्यांदा काकांनी ती पलीकडच्या भिंतीलगत नेऊन वळवली आणि सगळे बांबू फाटकातून सुळकन आत आले. टाळ्या पडल्या. कोंबडीवरची डालगी उचलावी तसा आठ जणांनी काकूंवरचा सांगाडा वर उचलला, आणि काकू हसत बाहेर आल्या.

मी हसत नव्हते. मला काहीतरी दिसलं होतं. काकूंचे कपडे मी शिवते, त्यांचं अंग मला पाठ आहे. त्या रिक्षातून कशा उतरतात ते कॉलनीत सगळ्यांनी पाहिलंय, पण त्यांचा हात मी धरते. त्या आधी पाठ फिरवतात, दांडा धरतात, उजवा पाय खाली सोडतात, मग डावा, आणि तोवर शेजारी एक माणूस उभं लागतं. खरी गाडी काही डालगीसारखी उचलता येणार नव्हती. आणि गाडीचं दार डावीकडे होतं, जिथे गॅरेजच्या होणाऱ्या खांबांपर्यंत दीड फूट जागा होती. काकांनी गाडी मोजली, छत मोजलं, हवा मोजली. नकाशातल्या गाडीचं दार उघडत नाही आणि तिच्यातून कुणी उतरत नाही. उजवीकडे सरकायला वाव नव्हता. तिकडे जमिनीखाली पाण्याची टाकी होती. डावीकडे, खांबांना लागून, माझी भिंत होती.

चार दिवस मी गप्प बसले. गप्प बसणं मला अवघड नाही, पण हे बसणं वेगळं होतं. बोलले तर भिंत जाणार, आणि भिंत गेली की मशीन ठेवायला जागा राहणार नाही. न बोलले तर काकू समुद्रापर्यंत जातील आणि घरी येऊन दारातच अडकतील. पाचव्या दिवशी खांबांसाठी खड्डे खणायला माणसं यायची होती. सकाळी काका शेवटचं माप घ्यायला आले आणि टोक माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "काका, ब्लाउजचं माप हात खाली सोडून घेत नाहीत."

"मग?"

"हात वर करायला लावते. नाहीतर पहिल्याच दिवशी काखेत उसवतं."

"बरं. गाडीला हात कुठे असतो?"

"दार," मी म्हटलं. "आणि दारातून काकू."

काका चुन्याच्या दाराकडे गेले. मग स्वतः त्या दारात उभे राहिले, पाठ फिरवली, नसलेला दांडा धरला आणि काकूंसारखा एक पाय खाली सोडला. पाय खांबाच्या खुणेवर पडला. "चार फूट पाहिजेत," ते हळू आवाजात म्हणाले. "टोक घेऊन मागे जा, बेटा." मी मागे मागे सरकत गेले, आणि पाठ भिंतीला लागली.

"अजून अडीच फूट."

"काका, इथे माझी भिंत आहे."

त्यांनी टेपवरचा आकडा वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि टेप सोडून दिली. ती फटकन आत गेली. बारा वर्षांत त्यांनी माप अर्धवट टाकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. खड्डेवाले आले तेव्हा काकांनी त्यांना नुसता चहा पाजला आणि परत पाठवलं.

आठ दिवस टेप बाहेर आली नाही. मी मशीनच्या खालचा कपडा-लत्ता दोन गाठोड्यांत बांधून ठेवला. खोली सोडायला सांगितल्यावर धावपळ नको. नवव्या दिवशी काका गुंडाळलेला नकाशा घेऊन आले. चुन्याचं जुनं दार त्यांनी पायाने पुसलं आणि गाडीच्या मागच्या बाजूला नवं दार आखलं.

"काकू कशी उतरते?" त्यांनी मला विचारलं.

"उलटी."

"बरोबर. माणूस उलटं उतरतं, तर दारही उलट्या बाजूला पाहिजे. गाडी तोंडाने आत जाईल. मागे सहा फूट जागा आहे, त्यापलीकडे सगळं अंगण. दोघं उभे राहा, तिघं उभे राहा. मतलब, डाव्या बाजूला दीड फूट भरपूर आहे." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातात टोक दिलं. माझ्या खोलीचं नावसुद्धा काढलं नाही. गाठोड्यांकडे त्यांची नजर गेली होती, पण तेवढंच म्हणाले, "कपड्यांना चुण्या पडतील."

नंतर काकूंनी मला सांगितलं, "मागे दार आलं ना, तर त्यांचं टेबल गेलं. खिडकीपण गेली." मी काहीतरी बोलणार होते, तर त्या म्हणाल्या, "बोलू नको हं त्यांच्याजवळ. म्हणतात, चालत्या गाडीत रेघ सरळ येतच नाही."

गॅरेज झालं. गाडी आली, त्याच विजेच्या खांबाशी, पलीकडच्या भिंतीलगत वळली आणि पहिल्याच फटक्यात आत गेली. दूधवाले भिया म्हणाले, "बाबूजी, इसको तो रस्ता पहले से याद है!" काकू मागच्या दारातून उलट्या उतरल्या. उजवा पाय, मग डावा. एका बाजूने काका, दुसऱ्या बाजूने मी, आणि तरी मध्ये जागा उरली.

आता ते दोघं निघाले आहेत. गॅरेज रिकामं आहे. दिवसा तिथे वारा छान येतो, म्हणून मी मशीन तिकडे नेऊन बसते. एवढ्या मोठ्या छपराखाली मशीनचा आवाज वेगळाच येतो, जरा एकटा. जाताना काकांनी टेप माझ्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली. मी म्हटलं, "काका, राहिली की तुमची." ते म्हणाले, "राहू दे."

काल काकूंचा फोन आला. आधी नुसता घोंघावता आवाज, मग काकू ओरडल्या, "ऐकलास का? तो समुद्र आहे!" त्या हसत होत्या की रडत होत्या, ते वाऱ्यात कळलं नाही. मग काकांनी फोन घेतला. विचारलं, छपराच्या पत्र्यातून पाणी गळत नाही ना, भिंतीला ओल नाही ना. मी नाही म्हटलं. मला फोनवर फार बोलता येत नाही, पण काल मीच विचारलं, "काका, केवढा आहे हो समुद्र?"

"मोजला नाही, बेटा," ते म्हणाले. "टोक धरायला कुणी नव्हतं."

फोन ठेवल्यावर मी टेप खिळ्यावरून काढली, कोरड्या फडक्याने पुसली आणि परत जागेवर लावून ठेवली. समुद्राच्या हवेतून येणार आहेत ते. निदान इथलं लोखंड तरी गंजलेलं असायला नको.