चाळिसाव्या घरचा अंगठा

इथे लिहिणारे बहुतेक जण आधी सांगतात की माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता. पण माझं नुसतं तेवढंच नाही, मला या सगळ्याचा राग होता. माझी आई साप चावून गेली. गावच्या देवळात तिला चार तास झोपवून ठेवलं होतं, पुजारी लिंबाचा पाला फिरवत होता, आणि जीप येऊन उभी राहिली तेव्हा तिची मान पडली होती. मी बारा वर्षांची. सातवी अर्धी राहिली ती राहिलीच. त्यामुळे भूतबाधा, कौल, अंगात येणं असलं काही कुणी बोलायला लागलं की मी उठून जाते. पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बाई अडाणी आहे, भास झाला असेल. अडाणी तर आहेच... भासाचं तुम्ही ठरवा.

मी मूळची जत तालुक्यातली, सांगली जिल्हा. नवऱ्याला सूरजागडकडे लोखंडाच्या खाणीच्या ट्रकवर काम मिळालं म्हणून आम्ही इतक्या लांब आलो. तो कायम रस्त्यावर, मी वडशाला एका खोलीत. वडशाहून कुरखेड्याच्या दिशेला एक छोटं हॉस्पिटल आहे (नाव देत नाही). तिथे मी स्वयंपाकाला लागले. ओळखीचं कुणी नाही, बोली वेगळी... काम जाईल या धास्तीनं मी ताप आला तरी सुट्टी मागत नव्हते.

तिथे प्रज्ञा मॅडम आल्या. (नाव बदललं आहे.) मेडिकल कॉलेजला शिकत होत्या, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. नागभीडच्या. वडील रेल्वेत गँगमन, घरातली पहिलीच डॉक्टर. त्यांना एका प्रोजेक्टच्या वर्षासाठी अर्ज करायचा होता. म्हणजे डॉक्टरकीचं शिक्षण मध्येच एक वर्ष थांबवायचं आणि एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली एकच प्रश्न घेऊन काम करायचं. मोजक्याच मुलांना मिळतं. मॅडमचा प्रश्न सापाचा होता. साप चावल्यावर माणसं आधी कुठे जातात, आणि का. त्या म्हणायच्या, "रोवणीत आमच्या बाया मरतात ताई, अन् कोणाले पत्ताच नाई." रोवणी म्हणजे भाताची लावणी.

अर्जासोबत चाळीस घरांची माहिती जोडायची होती. एक दिवस त्या स्वयंपाकघरात चहाला आल्या आणि भिंतीवरच्या किराणा यादीपुढे थांबल्या.

"हे अक्षर कोणाचं हाये?"

"माझं."

"माझ्याहून चांगलं हाये! मी लिहिलं तं औषधाच्या दुकानवालाच वाचू शकते. किती शिकल्या?"

"सातवी. नापास नाही... सुटली."

"सुटली तं सुटली. उद्यापासून माझ्यासंग चला. पोळ्या लाटाले दुसरी बाई भेटल, असं अक्षर नाई भेटत."

त्यांनी माझं फोटोचं कार्ड करून दिलं. फील्ड असिस्टंट. ते कार्ड मी घरीसुद्धा गळ्यात घालून बसायचे. हसू नका.

घरं मॅडमनी नकाशावर आधीच निवडली होती. त्यात बदल चालत नव्हता, शेजारचं घर घेऊन भागत नव्हतं. सुरुवातीची घरं आम्ही दोघींनी केली, मग मी एकटी जाऊ लागले. एकोणचाळीस झाली. चाळिसावं होतं नाल्यापलीकडच्या टोल्यातलं शेवटचं घर. सात-आठ घरांची गोंडांची वस्ती. मार्च महिना, मोहाची फुलं वेचायचे दिवस. सकाळी साडेदहाला मी नाल्यापाशी पोचले तर गुरं घेऊन येणारा एक भाऊ म्हणाला, "बाई, एकटी नोको जाऊ. सकाळीच पट्टेवाला दिसला इथी."

फोनला रेंज होती. मॅडमना नुसतं सांगायचं होतं — वाघ आहे, परत येते. त्या "या" म्हणाल्या असत्या. पण माझ्या डोक्यात भलतंच. सातवी शिकलेल्या बाईवर विश्वास ठेवला, एकच घर राहिलं होतं, तेही हिला जमलं नाही... मी गावात परत आले, अंगणवाडीच्या पायरीवर बसले आणि फॉर्म तिथेच भरला.

नावाच्या जागी हौसाबाई लिहिलं. ते माझ्या आईचं नाव. आडनाव इकडचं, मडावी. साप चावला का? 'नाही' लिहिलं असतं तर दोन मिनिटांत काम संपत होतं. मी 'हो' लिहिलं. कुठे — कडबा काढताना, उजव्या हाताला. आधी कुठे नेलं — दवाखान्यात. कशानं — जीपनं. किती वेळात — पाऊण तासात. पुढे काय झालं — वाचली.

लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. खोटं लिहिलंय असं वाटलंच नाही. आज त्याचीच जास्त लाज वाटते.

खाली अंगठा लागत होता. मी माझाच डावा अंगठा शाईत बुडवून लावला. त्या अंगठ्यावर विळ्याची जुनी तिरकी खूण आहे, ती कागदावरही उमटली.

संध्याकाळी मॅडम फॉर्म वाचायला लागल्या.

"हौसाबाई? इकडे असं नाव नाई ऐकलं मी."

"असेल मॅडम."

"अन् कडबा? ज्वारी कुठी हाये इकडे? धानाचं तणीस म्हणाली असल ते. तुम्ही सांगलीवाल्या, तुमच्या कानाले कडबाच ऐकू येते!" त्या हसल्या. मीही हसले. मग एकदम उठून उभ्या राहिल्या. "ताई! ज्याले ज्याले चावला, ते सारे आधी पुजाऱ्याकडे गेले. ही एकटी सरळ दवाखान्यात गेली. काऊन? कोणी सांगितलं हिले? हाच तं माझा प्रश्न हाये!"

त्यांनी सगळा अर्ज त्या एका बाईभोवती बांधला.

अर्जावर गाईड सरांची, म्हणजे त्या मोठ्या डॉक्टरांची, सही लागत होती. सर नागपूरहून आले, वाचून म्हणाले, "छान आहे. पण सही करायच्या आधी मला ही बाई भेटवा." मुदतीला तीन दिवस राहिले होते. खरं बोलायला तीच वेळ होती. मी ताटं घासत राहिले. ते माझं काम नव्हतं, तरी घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही तिघं निघालो. नाल्यापर्यंत सरांची गाडी, पुढे पायी. मी मागे रेंगाळत होते तर सर म्हणाले, "ताई, पुढे व्हा. रस्ता तुम्हालाच माहीत." त्या वाटेवर मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. अंदाजानं चालत राहिले. आता कुणीतरी म्हणेल, कोण हौसाबाई... मॅडम माझ्याकडे कशा बघतील, एवढंच डोळ्यांपुढे होतं.

शेवटच्या घराच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. एक बाई बसून ती हातानं परतत होती.

मॅडमनी विचारलं, "हौसाबाई मडावी तुम्हीच का?"

"हो. बसा."

मी कुडाला धरून उभी राहिले. ती माझ्या आईसारखी अजिबात नव्हती. आई ठेंगणी, गोल चेहऱ्याची. ही उंच, काटक, कपाळावर गोंदण. आईसारखी दिसली असती तर मीच म्हटलं असतं की भास झाला.

सरांनी विचारलं, "साप चावला होता म्हणे तुम्हाला?"

"चावला ना. कडब्यात हात घातला अन् डसला."

"तणसात?" मॅडम म्हणाल्या.

"तनीस नाई बाई. कडबा."

मॅडमनी माझ्याकडे बघून कान पकडले. चूक झाली म्हणून.

सर म्हणाले, "मग पुजाऱ्याकडे नाही नेलं कुणी?"

"पोरगी होती माही. बारा वर्साची. तिले म्हटलं, पुजाऱ्याले आनू नोको, जीप आन. धावली ते धावली... जीपच घेऊन आली."

फॉर्मवर मी मुलीचं काहीच लिहिलं नव्हतं.

आता जे नवऱ्यालाही सांगितलं नाही ते सांगते. माझ्या आईनं मला हेच सांगितलं होतं. याच शब्दांत. पण जीपवाल्या अण्णांचं घर लांब, आणि देऊळ वाटेत. मी पुजाऱ्यालाच घेऊन आले. मला वाटलं, हा लवकर बरं करेल. पुढचं वर लिहिलंच आहे. सगळे समजले की आईनंच त्याला बोलावलं. मी कुणाला काही सांगितलं नाही.

"मुलगी कुठे असते आता?" सरांनी विचारलं.

"दूर. कामाले."

"येते का भेटायला?"

"याले पाह्यजे," ती फुलं परतत म्हणाली. "पन भेते."

ती माझ्याकडे बघत नव्हती. एकदाही बघितलं नाही.

तिची हकिकत अर्जात वापरायची म्हणून सरांनी परवानगीचा नवा कागद काढला, वाचून दाखवला. तिनं आम्हा तिघांसमोर अंगठा लावला.

परत येताना मॅडमनी माझा हात धरला होता. सरांनी त्याच दिवशी सही केली. मॅडमनी अर्जात आभाराची ओळ लिहून मला दाखवली. त्यात पहिलं नाव माझं होतं, आडनावासकट.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. त्या अर्ज पाठवायच्या तयारीत होत्या.

"मॅडम, मी त्या घरी गेले नव्हते."

"परवाच गेलो ना आपण तिघं!"

"त्याआधी नाही गेले."

मग सगळं सांगितलं. वाघ, पायरी, आईचं नाव, पुजारी, अंगठा. त्या म्हणाल्या, "ताण आला तुम्हाले ताई. बसा, पाणी घ्या." मी टेबलावरच्या शाईत अंगठा बुडवून कोऱ्या कागदावर उठवला. त्यांनी फॉर्म काढून त्याच्या शेजारी ठेवला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, सरांनी घेतलेला परवा दिवशीचा कागदही काढला.

तिन्ही अंगठ्यांवर तीच तिरकी खूण होती. त्याच जागी, तेवढीच.

त्यांनी मोबाईलनं फोटो काढून मोठे करून पाहिले.

"माझ्यासमोर लावला तिनं हा अंगठा."

"हो. माझ्याही."

"ती बाई तिथी नसती, तं?"

मी अंगठ्याची शाई पदराला पुसत राहिले.

"सांगा ना ताई. नसती, तं काय केलं असतं?"

"गाव सोडून गेली असेल असं काहीतरी म्हटलं असतं."

"वाघाचं काऊन नाई सांगितलं? मी काय तुम्हाले वाघाच्या तोंडी पाठवली असती?"

"मला वाटलं... परत पोळ्या लाटायला पाठवाल."

"एवढंच वळखलं का मले?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तोंड फिरवलं. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "ती बाई कोण हाये, मले नाई माहीत. पण तुम्ही गेल्या नव्हत्या. मंग हा फॉर्म नाई चालत." आणि पेन माझ्यापुढे केलं. "तुमच्या हातानं खोडा."

मी खोडला. नावावरून रेघ मारली, जीपवरून मारली. 'वाचली' या शब्दाशी हात थांबला. मॅडमनी घाई केली नाही. मग त्यावरूनही मारली.

त्यांनी सरांना फोन करून खरं ते सांगितलं, हकिकतीचं पान काढून टाकलं आणि एकोणचाळीस घरांचा अर्ज पाठवला. आभारातलं माझं नाव काढा म्हणून मी हात जोडले.

"एकोणचाळीस घरी तं गेल्या होत्या ना?" एवढंच म्हणाल्या. नाव राहू दिलं.

निवड झालेल्यांच्या यादीत मॅडमचं नाव आलं नाही. त्यांनी स्वतः फोन केला. "नाई झालं ताई. होते असं." त्या पानामुळे गेलं का, कुणी सांगितलं नाही. पण त्या अर्जात दम होता तो त्याच पानात, हे मला सातवीवालीलाही कळत होतं. आता त्या शेवटच्या वर्षाला आहेत. अजून फोन करतात, जेवल्या का विचारतात. त्या बाईचा विषय कधी काढत नाहीत. सरांना मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी एका बाईशी बोललो, तिनं उत्तरं दिली. यापलीकडे मला काही माहीत नाही."

मलाही नाही. तीन शहाणीसुरती माणसं, भर दुपारचं ऊन, शाईचा कागद... सगळं मनात लावून पाहिलं, कशाचाच कशाला मेळ बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला बसवता आला तर सांगा.

तुम्ही म्हणाल, परत जाऊन बघायचं. मी अजून त्याच हॉस्पिटलचे फॉर्म भरते, तो रस्ता आठवड्याला लागतो. दोनदा नाल्यापर्यंत गेले. पाणी घोट्याएवढं, पलीकडे घरं दिसतात, धूर दिसतो. दोन्ही वेळा वाघबिघ काही नव्हता. दोन्ही वेळा परत फिरले.

घर रिकामं असेल तर असू दे. पण ती अंगणात असली आणि मला "बस" म्हणाली, तर मी कुठल्या तोंडानं बसू?