बॅटला लागलेला ग्लव्ह

माझ्या मुलीनं बेसबॉल निवडला तेव्हा मी चक्क रुसलो होतो. आठ वर्षं दर शुक्रवारी सकाळी शारजातल्या वाळूच्या मैदानावर ऑफिसच्या टीमसाठी विकेटकीपिंग केलेला माणूस मी. आणि माझ्या पोरीला सापडलं काय, तर बेसबॉल. दुबईत शनिवारी सकाळी मुलामुलींचे एकत्र सामने होतात. शाळेतली मैत्रीण तिला एकदा घेऊन गेली आणि ही तिथलीच झाली. तेरा वर्षांची होती. मी कुरकुर केली की म्हणायची, "इट्स नॉट क्रिकेट, बाबा. चिल." आमच्याकडे हे असंच, मी मराठीत बोलायचं आणि तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं.

पण कोचनं तिला कॅचर केलं आणि माझा रुसवा पळाला. कॅचर म्हणजे बॅट्समनच्या मागे उकिडवं बसून बॉल घेणारा. अहो, म्हणजे कीपरच की. त्याच संध्याकाळी मी तिला आमच्या बिल्डिंगमागच्या पार्किंगमध्ये नेलं आणि बॉल टाकायला लागलो. त्या वर्षात आम्ही दोघं जेवढं बोललो तेवढं ना आधी बोललो होतो, ना नंतर. या वयात पोरं खोलीचं दार लावून घेतात, बापाला काही सांगण्यासारखं उरत नाही. आम्हाला विषय मिळाला होता. शनिवारी सकाळी दुबईचा रस्ता मोकळा असतो. तो अर्धा तास ती माझ्या शेजारच्या सीटवर बसून कोणता पिचर कसा टाकतो ते सांगत राहायची. मी आठवडाभर त्या अर्ध्या तासाची वाट बघायचो.

आता माझा शहाणपणा ऐका. मी स्टंपला चिकटून उभा राहणारा कीपर, मीडियम पेसरलासुद्धा. मागे उभा राहतो तो भित्रा, असं आमच्या टीमचं मत. इथे कोच तिला सांगायचा, बॅटपासून हातभर मागे बस. मला ते काही पटेना. मागे बसलं की बॉल आधीच खाली जातो, टप्पा खातो, हातातून निसटतो. म्हणून पार्किंगमध्ये मी तिला पुढे सरकवलं, हात पुढे काढून बॉल घ्यायला लावला. ती झकास घ्यायची. पार्किंगमध्ये तिच्यासमोर बॅट फिरवणारं कुणी नव्हतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सामन्याच्या वेळी मी जाळीला नाक लावून उभा असायचो. त्या मैदानावर मराठी कळणारे आम्ही दोघंच. त्यामुळे कोचच्या देखत मी बिनधास्त ओरडायचो, "पुढे ये, अजून पुढे." ती एकदा कोचकडे बघायची, एकदा माझ्याकडे, आणि बसल्या बसल्या पुढे सरकायची. दोघांत ती माझं ऐकायची.

पहिल्यांदा झालं ते एका साध्या सामन्यात. बॅट फिरली, टक् असा आवाज आला, आणि अंपायरनं खेळ थांबवून बॅट्समनला सरळ पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या पहिल्या टप्प्यावर, पाठवलं. बॉलला बॅट लागलीच नव्हती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सामना संपल्यावर मी अंपायरला गाठलं. बिचारा म्हातारा माणूस, त्यानं शांतपणे समजावलं. येणाऱ्या बॉलवर पहिला हक्क बॅट्समनचा. फिरणाऱ्या बॅटला कॅचरचा ग्लव्ह लागला तर त्याची संधी गेली, म्हणून त्याला बेस फुकट मिळतो. आणि चूक कॅचरच्या नावावर लागते. "ओके ओके, खलास," म्हणून मी निघालो आणि गाडीत तिला सांगितलं, "असले अंपायर असायचेच. तू पुढेच बस." दुपारी जेवताना बायको म्हणाली, "अरे, तिला कोचचं ऐकू दे ना." मी म्हटलं, "कोचनं कधी कीपिंग केलंय का?"

कीपरचे ग्लव्ह्ज स्टंपच्या पुढे आले की नो-बॉल देतात. हा नियम मला माहीत नव्हता का? पाठ होता. पण इथे स्टंपच नव्हते, म्हणून मला वाटलं, आपल्याला अडवणारं कोण?

मग सेमीफायनल. शेवटचा डाव, दोन्ही टीमचे रन सारखे, आणि समोरच्यांची तीन मुलं तिन्ही बेसवर उभी. बॉल हिच्या हातून निसटला असता तर तिसऱ्या बेसवरचा मुलगा धावत घरी, म्हणजे हिच्यापुढच्या शेवटच्या बेसवर, आला असता, रन झाला असता आणि सामना गेला असता. ती खूप मागे बसलीय असं मला वाटलं. मी जाळी हलवून ओरडलो, "पुढे घे, पुढे." तिनं हात पुढे काढला. बॅट तिच्या ग्लव्हच्या टोकाला लागली. अंपायरनं हात वर केला. बॅट्समनला पहिला बेस मिळाला, म्हणून तिन्ही मुलं एकेक बेस पुढे सरकली, आणि तिसऱ्यावरचा चालत चालत घरी आला. धावायचीसुद्धा गरज नव्हती. तेवढ्यावर सामना संपला.

कोच चिडलेला नव्हता. त्यानं एवढंच विचारलं की पुढे हात घालायला तुला सांगितलं कुणी. मी जाळीपाशीच होतो, मला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "नोबडी. माय मिस्टेक, कोच." माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मी पुढे होऊन सांगायला हवं होतं की मी सांगितलं. चौदा वर्षांच्या पोरीनं मला पाठीशी घातलं आणि मी घालू दिलं.

परत येताना ती मागच्या सीटवर बसली. शारजाचा फाटा आला तेव्हा म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, "बाबा, तू आता मैदानात नको येऊस. मला तुझाच आवाज ऐकू येतो. दुसरं काही ऐकूच येत नाही." मी म्हटलं, "बरं."

पुढची तीन वर्षं मी शब्द पाळला. दर शनिवारी तिला गेटपाशी सोडायचो आणि पार्किंगमध्ये एसी लावून गाडीत बसून राहायचो. आतून ओरडा ऐकू आला की कुणाचं काय झालं ते कळायचं नाही. ती आली की विचारायचो, "कसं झालं?" ती म्हणायची, "फाइन." मला वाटायचं, चला, एवढं तरी आपण नीट करतोय.

तिच्या शेवटच्या सामन्यानंतर तिच्या टीममधल्या एका मुलीचे वडील माझ्या गाडीपाशी आले. मी काच खाली केली. "भाईसाब, आज आपकी बेटी ने सेकंड बेस पे क्या थ्रो मारा. देखा ना आपने?"

"हां हां, देखा ना," मी म्हटलं.

ती त्यांच्या मागेच उभी होती. ते गेल्यावर तिनं बॅग मागे टाकली आणि कितीतरी दिवसांनी माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, आय वॉज फोर्टीन व्हेन आय सेड दॅट. यू कुड हॅव कम."

जूनमध्ये ती शिकायला पुण्याला गेली. तिथे ती बेसबॉल खेळत नाही.