वाऱ्याला आडवी फळी

माझ्या आत्याचं आणि वाऱ्याचं उभं वैर होतं. भावकीत असतं तसलं, कोर्टात जाऊनही न मिटणारं. बिडकीनच्या तिच्या घराला खिडकी नव्हतीच. धाब्याला धूर जायला एक भोक होतं, त्यावरही ती मडकं पालथं घालायची. मग धूर कुठून जायचा, हे धुरालाच विचारावं. गावात कुणाची कंबर धरली, कुणाचं तोंड वाकडं झालं, कुणाची म्हैस आटली, की आत्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "वाऱ्याला कोण बसलं व्हतं?" म्हैस उत्तर देत नसे, त्यामुळं आत्याचा संशय पक्का होई.

अशा आत्याची गाठ माझ्या खिडकीशी पडली.

पोलिस ॲक्शनला दोन-चार वर्षं झाली होती. मी नोकरीसाठी औरंगाबादेत येऊन छावणीतल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. बंगला कधीकाळी कुण्या गोऱ्या साहेबाचा. आता पुढल्या खोल्यांत मालकीणबाई राहायच्या. सगळी छावणी त्यांना खाला म्हणायची, म्हणून आम्हीही खालाच म्हणायचो.

आपल्याकडं खिडकी म्हणजे दारं, ढकलली की उघडली, ओढली की लागली. साहेबाच्या खिडकीचा तोरा वेगळा. काचेच्या दोन चौकटी, एक वर, एक खाली, आपापल्या खाचेतनं वरखाली सरकणाऱ्या. भिंतीच्या आत त्यांना दोरीनं लोखंडी वजनं बांधलेली, म्हणजे चौकट उचलली की उचललेली राहावी. दोऱ्या साहेबाच्या मागोमाग विलायतेला गेल्या असाव्यात. त्या तुटल्यापासून खालची चौकट मनाला येईल तेव्हा धाडकन खाली यायची. खालाच्या मांजराचं शेपूट तिनंच उडवलं होतं. तेव्हापासून छावणीत बांड्या मांजरांची एक जातच निघाली, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मी.

पुढं प्रत्येक भाडेकरूनं खिडकीला रंगाचा हात मारला. त्या रंगाच्या थरांत खालची चौकट चार बोटं उचललेल्या अवस्थेत कायमची चिकटली. मी जोर लावला, शेजाऱ्यांनी लावला. एका हौशी पैलवानानं लावला, तो आठवडाभर एका हातानं जेवत होता. चौकट वरही जाईना, खालीही येईना. बाहेर लिंब होता आणि लिंबाखाली खालाचा पाण्याचा हौद, त्यामुळं त्या चार बोटांतून अशी गार झुळूक यायची की मी चौकटीच्या नादी लागणं सोडून दिलं.

मग आम्हाला मुलगी झाली. बायकोला आई नव्हती, म्हणून बाळंतपण माहेरी न होता आमच्याच घरी झालं. दिवस वैशाखाचे. बाळंतिणीचं करायला बिडकीनहून आत्या आली. एका हातात डिंकाचं गाठोडं, दुसऱ्या हातात ओवा, शेपा, वावडिंगाची पिशवी, आणि काखेत जुन्या लुगड्यांच्या चिंध्या. डिंक बाळंतिणीसाठी होता. चिंध्या घरासाठी होत्या.

आल्या पावली तिनं पाणीसुद्धा न घेता दाराच्या फटी बुजवल्या. कौलांजवळची भेग बुजवली. किल्लीच्या भोकात कापूस कोंबला.

"आत्या, एवढ्याशा भोकातनं कसलं वारं येतंय?"

"साप केवढ्याशा भोकातनं येतो?"

तिनं बाजेखाली शेगडी सारली, निखाऱ्यावर ओवा आणि लसणाच्या साली टाकल्या, बायकोच्या कानाला फडकं आवळलं आणि दार लावून घेतलं. त्या खोलीत गेलं की माणसाला स्वतःचा हात दिसत नव्हता. मी एकदा बराच वेळ लेकीशी बोबडं बोलत बसलो होतो, अगदी गालगुच्चेही घेतले. धूर जरा विरल्यावर कळलं की ती उशी होती.

बायको सोशीक होती, पण वैशाखाला आणि शेगडीला एकदम सोसणं कुणाच्या बापाला जमलंय? तिचा चेहरा कुंकवाच्या रंगाचा झाला. लेकरू रडायला तोंड उघडी आणि रडायच्या ऐवजी खोकी. मी ताट न्यायला आत गेलो तशी बायकोनं माझी बाही धरली.

"अहो, मला हवा पायजे. आजच्या आज काय तरी करा. नायतर मी लेकराला घेऊन अंगणात लिंबाखाली बाज टाकते. मग कोण काय म्हणतंय ते बघू."

बाहेर आलो तर दारात आत्या.

"काय म्हणती ती?"

"काही नाही, जरा उकडतंय म्हणाली."

"उकडू दे. एक डाव बाळंतिणीला वारं लागलं की जलमाचं लागतं. ऐक लेका, ही खोली उघडली का म्या बिडकीनची गाडी धरली. मग घाल तू लेकराला न्हाऊ."

माझी कोंडी कशी झाली ते बघा. हवा दिली नाही तर बायको बाहेर. हवा दिली तर आत्या बाहेर. आणि आत्या गेली तर त्या पोरीला न्हाऊ घालणार मी, ज्याच्या हातून ओला साबणही सटकतो.

एवढ्यात खोलीत शिरलेल्या आत्याला खिडकीखालची ती चार बोटं सापडली. इतके दिवस जाड पडद्याआड होती म्हणून वाचली होती, आणि त्यांचा वाराही पडद्यामागंच घुसमटत होता. आत्यानं पडदा ओढून काढला, आणि घरात चोर सापडल्यासारखी बघत राहिली.

"ही वाट कुणी ठेवली?"

"चौकट बसत नाही आत्या. पैलवान थकले."

"चौकट बसत नाय तर फळी ठोक. आत्ताच्या आत्ता."

बाजेवरनं बायको माझ्याकडं बघत होती. तसं बघणं मी पुन्हा कधी पाहिलं नाही, आणि पुन्हा बघायची इच्छाही नाही. पण आत्या हातोडी घेऊनच उभी होती. खालाच्या मोडक्या तख्ताची एक सागवानी फळी मिळाली. खिडकीच्या रुंदीची कापली, काठाला जुन्या घोंगडीची पट्टी मारली आणि चौकटीच्या खाली अशी ठोकून बसवली की फट नावाला उरली नाही. आत्यानं कडेकडेनं हात फिरवला.

"आता मुंगी बी यायची नाय."

बायकोनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी कचेरीत गेलो. दिवसभर कागदांवर सह्या केल्या, कुठल्या ते सरकारला माहीत. संध्याकाळी घरी येताना लिंबाखाली बाज दिसते की रस्त्यावर आत्याचं गाठोडं, एवढंच बघत आलो. दोन्ही दिसेनात. आत गेलो तर बायको बाजेवर टेकून बसलेली, लेकरू शांत झोपलेलं, आणि खाली घोंगडीवर आत्या घोरत पडलेली. बायकोनं ओठावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "खिडकीच्या मधोमध हात धरा. उंच."

हात धरला. जिथं वरच्या चौकटीचा खालचा काठ आणि खालच्या चौकटीचा वरचा काठ भेटतात, तिथून गार हवेची धार येत होती, आणि सरळ वर आढ्याकडं चालली होती.

दोन्ही तळवे एकामागं एक धरा आणि पुढचा चार बोटं वर सरकवा. मध्ये एक उभी फट राहते की नाही? समोरून बघणाऱ्याला दिसत नाही, कारण एक तळवा दुसऱ्याला झाकतो. आमच्या खिडकीचं नेमकं तसंच झालं होतं. ती फट पहिल्यापासून होती, पण खालून ढळढळीत वारा येत असताना तिला कोण विचारतंय? फळीनं खालची वाट बंद केली आणि सगळी हवा त्या मधल्या वाटेनं यायला लागली. ना बाजेवर झोत, ना कागद उडायची भीती. वर जायची, खोलीभर पसरायची आणि पाहुण्यासारखी हळूच खाली उतरायची.

"आत्याला कळलं?"

"त्यांची उंची बघा की," बायको म्हणाली. आत्या उभी राहिली तरी मधल्या काठाला तिचा अंबाडा पोचत नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या घरात सुखाचं राज्य सुरू झालं. आत्या दुपारी लिंबाखाली लवंडायची, ती आता खोलीतच लवंडायला लागली. "बाळंतिणीवर नजर ठेवाय पायजे," म्हणायची. नजर तासन् तास घोरत असे.

एकदाच गोत्यात आलो. धुरीचा धूर खिडकीजवळून वाकून वर पळतोय, हे तिनं पाहिलं.

"धूर वाकडा का चाललाय रे?"

"फळी सागाची आहे ना. साग धूर ओढतो."

"व्हय?"

"म्हणून तर मोठ्या लोकांचे वाडे सागाचे."

आत्यानं मान डोलावली. थाप चांगली वाळलेली असली की तिला भेगा जात नाहीत.

पण माझ्या थापेपेक्षा आत्याचा अभिमान मोठा निघाला. लेकरू बघायला छावणीतल्या बायका यायच्या. बाहेर डांबर वितळतंय आणि इथं बाळंतिणीच्या खोलीत घाम वाळतोय, हे बघून त्या थक्क व्हायच्या.

"लई गार हाय बाई खोली."

"समदं बंद हाय म्हनून," आत्या फळीवर थाप मारून सांगायची. "ऊन वाऱ्याच्या पाठीवर बसून येतं. वारं अडवलं का ऊन भाईरच."

हा सिद्धान्त खालाला पटला. तिच्या बहिणीची सून शहरात बेगमपुऱ्यात बाळंत झाली होती. खालानं तख्ताची दुसरी फळी उचलली आणि टांग्यात घालून नेली. मी अडवायला दोन पावलं पुढं टाकली आणि बिडकीनची गाडी आठवून तीन मागं घेतली.

चार दिवसांनी खाला परत आली, काखेत फळी. ती तिनं आत्याच्या पुढ्यात टाकली.

"आपा, तुम्हारी फळी में कुछ नै रक्खा. खिडकी के पट लगाए, उपर से फळी ठोके. कमरा भट्टी हो गया. बहू बोलती, इस घर में या फळी रहेगी या मैं."

"आसं व्हईलच कसं?" आत्या म्हणाली. "तख्त एकच, लाकूड एकच. मग हितं गार आन तितं भट्टी?"

"अब मेरेकू क्या मालूम?"

आत्या हरायला तयार नव्हती, आणि तिथंच आमचा घात झाला. तिनं माझ्याकडं बघितलं. "स्टूल आण."

मी स्टूल शोधायला एवढा वेळ लावला की तेवढ्यात नवीन बनवून झालं असतं. शेवटी आणलं. एका हातात धुपाटणं घेऊन आत्या वर चढली. मी स्टूल धरलं होतं, बायकोनं लेकराला घट्ट धरलं होतं, खालानं कमरेवर हात धरले होते. आत्यानं धुपाटणं चौकटींच्या मधल्या काठाखाली नेलं. धूर सरळ वर गेला, काठाशी पोचला, दचकला आणि आढ्याकडं पळाला. आत्यानं बोट जिभेला लावलं, फटीवर धरलं. काढलं. पुन्हा धरलं.

"कवापास्नं?" तिनं वळून न बघता विचारलं.

"तू फळी ठोकायला लावलीस तेव्हापासनं."

हे मी भीतीनं बोललो की चलाखीनं, ते अजून ठरलेलं नाही. पण शब्द न् शब्द खरा होता, आणि तो खालाच्या समोर बोलला गेला होता. आत्या स्टुलावर तशीच उभी. तिनं आढ्याकडं बघितलं. बाजेकडं बघितलं. लेकरानं जांभई दिली. बिडकीनची गाडी स्टँडवर उभी असायची वेळ होती.

"वारं चाललंय कुठं?" आत्या सावकाश म्हणाली. "आढ्याला. मग लागू दे की. आढं काय बाळंतीण हाय?"

एवढं बोलून ती खाली उतरली आणि खालाकडं वळली. "फळीत खोट नाय. खिडकीत खोट हाय. तुझ्या बहिणीच्या खिडकीला पट किती? चार ना? खालचे दोन लाव, वरचे दोन उघड. वारं डोक्यावरनं गेलं तर पाप नाय."

खाला डोक्यावर पदर सारखा करत म्हणाली, "ये पहले बोलना था ना, आपा." आणि टांगा बघायला गेली. ती सून नंतर माहेरी गेली नाही, यावरून इलाज लागू पडला असं धरायला हरकत नाही.

खाला गेल्यावर आत्या माझ्याकडं आली.

"लेका, तुला वाटलं आत्याला ठावं नाय. मग म्या दुपारची हितं काय भिंती बघाय पडत व्हते?"

खरं-खोटं देवाला माहीत. आमच्या घराण्यात हरलेलं माणूस नेहमी आधीपासूनच जाणून असतं. बायको मात्र पदराआड इतकी हसली की लेकरू जागं झालं, आणि ते आत्यानं उचलून न्हाऊ घालायला नेलं. मी त्या दिवशी देवासमोर उदबत्ती लावली. हात आपोआप त्या फटीएवढा उंच गेला.

सव्वा महिना पुरा करून आत्या निघाली, तेव्हा तिच्या गाठोड्यातनं एक लांब टोक बाहेर आलेलं होतं. लुगड्यात गुंडाळलेली फळी.

"आत्या, ही खिडकीची आहे."

"म्या ठोकाय लावली ना? मग माझी हाय."

"तुझ्या घराला खिडकी कुठंय?"

"पाडीन."

मोटारीत तिनं फळी मांडीवर आडवी घेतली होती, दोन्ही बाजूच्या प्रवाशांना चितेगावपर्यंत अंग चोरून बसावं लागलं म्हणे. मी घरी येऊन दुसरी फळी कापायला बसलो.

दिवाळीत बिडकीनला गेलो, तर धाब्यावरचं मडकं गेलेलं होतं. भिंतीत आढ्याजवळ एक चौकोनी भोक पाडलं होतं. त्याच्याखाली माझी फळी दोन खुंट्यांवर आडवी ठोकलेली आणि तिच्यावर वावडिंगाची बरणी. बरोबर तिच्याखाली आत्या, कानाला फडकं बांधून, पाय पसरून.

मला राहवलं नाही. "आत्या, वाऱ्याला बसलीस?"

"म्या कुठं बसले?" आत्या म्हणाली. "वारं वर बसलंय. म्या खाली हाय. दार लाव, झोत येतोय."