सलीमसाठी सिगार

मंडळी, आज दुपारी गुलमंडीजवळच्या एका दुकानात सिगार घ्यायला गेलो होतो. मी स्वतः ओढत नाही. पण रविवारी मला साठ वर्षं पूर्ण होतायत, म्हणून सलीम आणि विलास या कॉलेजच्या दोस्तांना जेवायला बोलवून काहीतरी भेट द्यावी म्हटलं. दोघंही तेव्हा लई ओढायचे.

दुकानदारानं विचारलं, "कडक देऊ का हलकी? त्यांना काय चालतं?"

मला सांगता येईना. तिथूनच सलीमला फोन लावला.

"अरे यार, मी कधीच सोडली," तो म्हणाला. "दोन वर्षांखाली बायपास झाली ना माझी."

"मला सांगितलं नाय?"

"वहिनी गेल्यापासून तू कुणाचाच फोन उचलत नव्हता. मग मीपण करायचं बंद केलं."

रविवारी नक्की येतो म्हणाला. आता तब्येत कशी आहे, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

विलाससाठी एक हलकी सिगार घेऊन घरी आलो. त्याला अजून फोन केलेला नाही. तो काय सांगेल, याची भीती वाटते.

तुम्ही असता तर लावला असता का?