मी लेणी पाहिली नाहीत

"तू इथंच बस. चपला राख. आत देव आहे."

लेण्यांच्या पायऱ्यांवर गुरुजी असं म्हणाले. सगळ्यांदेखत. सगळा वर्ग आत गेला. मी एकटी बाहेर.

दुष्काळाचं साल. प्रवरेकाठच्या आमच्या शाळेची सहल जुन्नरला आली होती. या वाटेनं व्यापाऱ्यांचे बैल घाट उतरून कोकणात जायचे, त्यांच्या दानातून बौद्ध भिक्षूंसाठी ही लेणी कोरली, हे एसटीत गुरुजींनीच सांगितलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं. आमचं घर बौद्ध झालंय, हेही माहीत होतं.

मुली कपाळाला कुंकू लावून बाहेर आल्या. "केवढी मोठी पिंड!"

मला राहवलं नाही. "पिंड न्हाई गुरुजी, त्यो स्तूप आसंल. आमच्या बुद्धाचा."

"धर्म बदलला म्हणून जात जाते होय गं?"

सगळे हसले. माझ्या बाकावरची मैत्रीणसुद्धा.

माझा बा दुष्काळी कामावर खडी फोडायचा. निघताना म्हणाला होता, "छिन्नीचं घाव दिसत्यात का, तेवढं बघून ये. कुन्या हातांनी केलं आसंल गं!"

संध्याकाळी परतले तर बा हातपाय धुऊन दारात बसलेला. माझ्या तोंडून खरं निघेचना.

"दिसत्यात बा. म्या हात फिरवला."

त्यानं माझा तळहात उचलून डोळ्यांना लावला. त्याच हातानं मी दिवसभर चपलांचे जोड लावले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सहलीवर निबंध. मी एकच ओळ लिहिली. 'मी लेणी पाहिली नाहीत, मला चपला राखायला बसवलं.'

गुरुजी म्हणाले, "हे खोड. दुसऱ्याचं बघून लिही."

"न्हाई गुरुजी. झालं त्येच लिव्हलंय."

छड्या बसल्या. मी खोडलं नाही.

घरी येऊन बाला सगळं सांगितलं. त्यानं माझा छड्या बसलेला हात हातात घेतला. मग हळूच म्हणाला, "कालचंच सांग की पोरी, घाव दिसत्यात म्हनून. येकडाव."

काळीज फाटलं माझं. सांगायला काय लागत होतं? पण त्या गुरुजीचं पाप मी माझ्या खोट्यानं झाकलं होतं, आणि माझ्या बापानं ते डोळ्यांना लावलं होतं.

बा रडला. मी कालचं पुन्हा सांगितलं नाही. गुरुजींनी केलेलं मी यापुढे कुणापुढंही गोड करून सांगणार नाही. बापासाठीसुद्धा नाही.