चहाच्या डब्यावरचं नाव

पुण्यात पाणबुडीच्या आठवणींची खोली काढतोय म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "मुठेत बुडवणार का?" सुरुवातीला मी हसायचो. आता नुसती मान हलवतो.

खोली सदाशिव पेठेत, एका क्लासच्या डोक्यावर. चालवणारे आम्ही नौदलातून निवृत्त झालेले चार-पाच म्हातारे, सगळ्यांचे गुडघे गेलेले. आमची पाणबुडी केव्हाच भंगारात निघाली. आत फोटो काढायला बंदी, त्यामुळे फोटोही नाहीत. जे काही उरलंय ते लोकांच्या घरांत, आणि ते गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. विचारायला गेलं की चहा मिळतो, वस्तू मात्र घर बदलताना हरवलेली असते. मी पार कंटाळलो होतो. खरं सांगायचं तर एका माणसासाठी टिकून होतो.

पाणबुडीत माणसांपेक्षा झोपायच्या जागा कमी. म्हणून एका बर्थवर दोघं, पाळीपाळीने. माझा जोडीदार कात्रजच्या शेतकऱ्याचा मुलगा. तो कामावर जायला उठला की मी त्याच्या उबेत शिरायचो, मी उठलो की तो. दोघं एकाच वेळी जागे असायचो ते जेमतेम बूट घालून होईपर्यंत. तेवढ्यातही तो माझ्या घोरण्यावरून दोन टोमणे मारून घ्यायचा. तो गेला तेव्हा कुणी साधी दखल घेतली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. खोलीत त्याचं काहीतरी असायलाच हवं होतं. शक्यतो डांगरी, म्हणजे आम्ही आत घालायचो तो गळ्यापासून पायापर्यंतचा जाड सुती पोशाख.

म्हणून मी कात्रजला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं, ख्यालीखुशाली विचारली. मग मी विषय काढला.

"डांगरी? भावजी, ती कवाच बोहारणीला दिली."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"डिझेलचा वासच जाईना तिचा. सोड्यात भिजवली, उन्हात टाकली. बोहारणीनं बी नाक मुरडलं. लई घासाघीस केली, तवा कुठं ह्यो डबा दिला."

ओट्यावर चहापत्तीचा स्टीलचा डबा होता. आयुष्यभराची नोकरी आणि तिचा हा डबा! मला संताप आला. तरी तो हातात घेतला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरलेली, घरोघरी भांड्यांवर असतात तशी. वर त्याचं नाव, खाली आमच्या पाणबुडीचं.

"कापड तर गेलं," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, नाव तरी घालून घ्यावं."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"वहिनी, हा डबाच द्या मला. काचेच्या कपाटात ठेवतो. कुणाला हात लावू देणार नाही."

त्यांनी डबा माझ्याकडून घेतला आणि पदराने झाकण पुसलं.

"सकाळ-सांज माझा हात लागतो ह्याला. तुमच्याकडं कुणीच लावणार न्हाई. मग तिथं ठेवून काय करू?"

मी त्या डब्यातल्या पत्तीचा चहा प्यायलो आणि रिकाम्या हाताने परत आलो.

दुसऱ्या दिवशी खोलीत गेलो. कपाटात माझ्या खणात माझी डांगरी होती. बायकोने डांबराच्या गोळ्या घालून इतकी वर्षं जपलेली. शेजारचा खण त्याच्यासाठी राखलेला. मी डांगरी काढली, त्याच्या खणात ठेवली आणि चिठ्ठी बदलली. आधी त्याचं नाव, खाली माझं.

"अहो, एका डांगरीवर दोन नावं?" आमच्यातल्या एकाने विचारलं. "आणि तुमचा खण रिकामा?"

"आम्हाला एकच जागा असायची," मी म्हणालो. "आता झोपायची पाळी त्याची आहे."