रविवारचा पाऊस, इंग्रजीत

घरापासून स्टेशनपर्यंत सायकल, मग आल्मेरेहून अ‍ॅमस्टरडॅमची ट्रेन, आणि पाऊस आडवा. रेनकोट कितीही चांगला घ्या, गुडघ्याखाली पँट भिजणारच. नऊ वर्षं झाली. आता चीडही येत नाही, नुसता कंटाळा येतो. निदान रविवारी तरी कुणी पावसाचं नाव काढू नये असं वाटायचं. पण रविवारी सकाळी साताऱ्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल यायचा आणि त्यांना पाऊसच हवा असायचा. तोही माझ्याकडून नाही, नातीकडून.

बाबा इंग्रजीचे मास्तर. आयुष्यभर पोरांना ‘स्लीट’, ‘हेल’ असले गारा-बर्फाचे शब्द शिकवले, पण बर्फ डोळ्यांनी कधी पाहिला नाही. माझ्या दहा वर्षांच्या लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इंग्रजीत, नाहीतर डचमध्ये. ती खिडकीशी फोन धरून सांगायची, हे ड्रिझल, हे पोअरिंग. स्लीट म्हणजे काय, तर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, आणि कॉलरमधून आत जातं. बाबा वहीत उतरवून घ्यायचे. एकदा ती म्हणाली, ‘इट्स स्पिटिंग.’ बाबा उडालेच. ‘अगं, पाऊस थुंकतो? आमच्या वेळी असला आगाऊपणा नव्हता हो!’ दोघं पोट धरधरून हसली.

आणि मी काय केलं? मध्ये नाक खुपसलं. आजोबांशी तरी पोरीनं मराठीत बोलावं, असं डोक्यात घेतलं. इथल्या आमच्या मराठी घरांत हेच चालतं. घरून फोन आला की ‘मराठीत बोल’ म्हणून पोरांना कोपरानं ढोसायचं. मीही ढोसलं. ‘ड्रिझल नाही, भुरभुर म्हण. पोअरिंग नाही, धो धो.’ तिसऱ्या रविवारी ती नुसतं ‘पाऊस’ म्हणाली. पाचव्या रविवारी खोलीतून बाहेरच आली नाही.

‘कुठाय गं ती?’ बाबा विचारायचे. अभ्यास करतेय, असं मी ठोकून द्यायचे. दोन महिने गेले. मला वाटलं, रुसवा आहे, निघेल.

जानेवारीत एका रविवारी बर्फ पडायला लागला. बाबांनी तिकडे चेहरा स्क्रीनला अगदी चिकटवला. ‘बोलव तिला.’ मी फोन खिडकीकडे फिरवला, म्हटलं मीच सांगते.

‘तुझं नको,’ ते म्हणाले. ‘तू शाळेत होतीस तेव्हा मी नियम केला होता, जेवताना इंग्रजीच बोलायचं. आठवतं? दोन वर्षं तू ताटात बघून जेवलीस. चूक माझीच. पण तेव्हा माझ्याकडे वेळ होता, थांबलो. आता ऐंशी झाली गं. आता किती थांबू?’

फोन घेऊन मी लेकीच्या खोलीत गेले. ‘आजोबा विचारतायत, बाहेर काय पडतंय.’

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. ‘इन इंग्लिश?’

‘हो.’

तिनं फोन घेतला आणि दार लावून टाकलं. मी जिन्याच्या पायरीवर बसले. आतून भुरभुरत्या बर्फाचं ‘फ्लरीज’ ऐकू आलं, मग चिखल झालेल्या बर्फाचं ‘स्लश’, मग बाबांचं ‘अगेन, स्लोली’, आणि मग त्यांचं ते खदखदून हसणं. माझ्याशी बोलताना ते असे कधीच हसले नव्हते.